‘फार्मर’ कुणाला म्हणायचं?

मैत्रिणींनो, वर्गातून आत्ताच घरी आलेय आणि चहाही न घेता लिहायला बसलेय.

शेवगावजवळच्या एका गावात मी बायकांना बोलण्यापुरतं इंग्रजी शिकवते. आज प्रत्येकीनं आपली ओळख करून द्यायची होती. शांताबाई उठल्या आणि म्हणाल्या, "आय ॲम फार्मर्स वाइफ."

"कांदा कोण लावतं?" मी विचारलं.

"मीच की."

"पाणी कोण धरतं?"

"मीच. मालक टेम्पोवर असत्यात."

"मग फार्मर कोण?"

"बाई, नातीच्या पुस्तकात फार्मर म्हंजी बाप्या मानूस हाय. त्याची बायको भाकरी घिऊन येती."

माझं डोकंच फिरलं! १९७२ साली नगरच्या कॉन्व्हेंटमध्ये मीही हेच शिकले होते. वडील भिंगारला कारकून, वावर आई एकटी कसायची. तरी आई काय करते असं विचारल्यावर मी ऐटीत 'हाऊसवाइफ' म्हणाले आणि शाबासकी मिळवली. पन्नास वर्षांनंतरही तेच चित्र छापताना यांना लाज कशी वाटत नाही? आणि तेव्हा मला तरी का वाटली नाही?

मी फळ्यावर लिहिलं, शेत कसणारी व्यक्ती म्हणजे फार्मर, मग ती बाई असो की बुवा.

शांताबाई पुन्हा उठल्या. "आय ॲम अ फार्मर!" आवाज असा खणखणीत की बाहेरची माणसं डोकावली.

शेजारची ओरडली, "मंग मी बी हाय की!" बघता बघता अख्खा वर्ग उभा राहिला.

आता खरं सांगा. शाळेच्या अर्जावर आईचा व्यवसाय म्हणून तुम्ही काय लिहिलं होतं?