मोरे मॅडमची गोंगाटाची वही

संघमित्रा मोरे कुठल्याही गच्चीवर चढली की पहिलं काम उलटंच करायची. आम्ही सगळे जण डिश टॉवरकडे वळवून सिग्नल किती येतो ते बघायचो. ती डिश टॉवरकडून फिरवून रिकाम्या आभाळाकडे करायची. मग घरातला वायफायचा डबा, दारावरचा बिनतारी कॅमेरा, इन्व्हर्टर, सगळं बंद करायला लावायची आणि तरीही मीटरवर जो आकडा उरेल तो वहीत लिहायची. नंतर एकेक वस्तू चालू करून पुन्हा आकडा. घरवाले वैतागायचे, मी तर जास्तच. "सिग्नल कुठी पळून जात नाही सर," ती म्हणायची. "पहिले इथं गोंगाट किती हाये ते तं पाहू द्या."

चिखली तालुक्यातल्या गावांना टॉवरवरून बिनतारी इंटरनेट पुरवणाऱ्या एका छोट्या कंपनीत आम्ही दोघं होतो. मी याच भागातला, पुण्याहून इंजिनिअर होऊन परत आलेला, तिच्याहून आठ वर्षांनी मोठा. ती देऊळघाटची, डिप्लोमा झालेली. वडील शाळेत शिपाई होते. सडपातळ बांधा, केस घट्ट बांधलेले, खांद्याला केबलचं भेंडोळं. खोटं कशाला बोलू, पहिल्या दोन महिन्यांतच ती माझ्या डोळ्यांत सलायला लागली.

कारण ग्राहक. अमडापूरहून फोन आला की लोक म्हणायचे, "मोरे मॅडमले पाठवा." मी स्वतः फोन उचललेला असायचा, तरी. एकदा मी विचारलं, मी येतो ना, काय बिघडलं? तर पलीकडची बाई शांतपणे म्हणाली की तुम्ही आले की रेंज येते, मॅडम आल्या की राहते. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

शिवाय तिची बोली. पुण्यात वसतिगृहात माझ्या 'मले-तुले'ला पोरं इतकी हसली होती की मी ते तोंडातून घासून काढलं. ही मात्र मालकासमोर, ग्राहकासमोर, मोठ्या कंपनीच्या साहेबासमोरही तसंच बोलायची, आणि कुणी हसायचं नाही. हेही मला खुपायचं. मी जे टाकून आलो होतो ते तिला टाकावंच लागलं नव्हतं.

आता तिचं म्हणणं काय होतं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. सिग्नल म्हणजे आपल्या कामाची लहर, आणि गोंगाट म्हणजे बाकी सगळं: शेजारचे डबे, बिघडलेली यंत्रं, अगदी तापलेल्या तारेतली आपोआपची खळबळसुद्धा. पूर्ण शांतता कुठेच नसते. म्हणून सिग्नल मोठा आहे का हा प्रश्न अर्धाच; तो गोंगाटाच्या वर किती उरतो, हा खरा प्रश्न. हे सगळं मी पुस्तकात शिकलो होतो, परीक्षेत गणितंही सोडवली होती. पण गच्चीवर गेलो की माझा हात पॉवर वाढवण्याकडेच जायचा. सिग्नल पडला, वाढव पॉवर. नाही भागलं, लाव सिग्नल फुगवणारा अँप्लिफायर. ती म्हणायची, "लग्नात बँडपाशी उभं राहून तुम्ही कितीकही वरडले तरी समोरच्याले काय समजते? बँडवाल्याले थांबवा ना." मी हसून सोडून द्यायचो. आतून जळायचो.

मग उंद्रीचं प्रकरण आलं. उंद्रीला जाणारी अमडापूरच्या टॉवरवरची आमची नवी लिंक दिवसभर तुटायची. रात्री झकास, सकाळी झकास, दिवसा बोंबाबोंब. त्याच सुमारास मालकांना फील्डच्या सगळ्या टीमवर एक प्रमुख नेमायचा होता. त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं की उंद्री जो नीट करेल त्याला ती जागा. मला ती जागा हवी होती. पगारासाठी नाही, असं म्हणणार नाही, पण त्याहून जास्त म्हणजे एकदा तरी तिने माझ्या हाताखाली उभं राहावं म्हणून.

मी माझ्या पद्धतीने भिडलो. दोन्ही टोकांची पॉवर चढवली. लिंक सुधारली नाहीच, वर शेजारच्या दोन गावांच्या तक्रारी सुरू झाल्या. ती मात्र आठवडाभर नुसती वही भरत होती. कोणत्या वाराला, किती वाजता, कोणत्या दिशेला गोंगाट किती. मी टीममध्ये म्हणायचो, मॅडम पीएचडी करतायत. पोरं हसायची. तिच्या कानावर जात असणारच.

एका दुपारी तिने मला ऑफिसच्या मागे गाडीपाशी बोलावलं. वही उघडून दाखवली. गोंगाट सकाळी दहाच्या सुमारास उठत होता आणि संध्याकाळी बसत होता. आणि अमडापूरच्या बाजारपेठेत ज्या वारी दुकानं बंद असतात त्या वारी दिवसभर लिंक स्वच्छ.

"सर, हा गोंगाट दुकानाच्या टायमानं चालते," ती म्हणाली. "मी अँटेना हातात धरून गल्लीगल्ली फिरली. ते कृषी केंद्र हाये ना, त्याच्या टिनावर एक अँप्लिफायर हाये. तो सोताच बोंबलून राह्यला. शटर उघडून मेन स्विच चालू केलं की हा झाला सुरू."

तो अँप्लिफायर मीच लावला होता. वर्षभरापूर्वी त्या दुकानदाराने तिलाच बोलवा म्हणून हट्ट धरला होता आणि मी मुद्दाम स्वतः गेलो होतो. रेंज अशी देतो की मॅडमचं नाव काढणार नाही, या ईर्ष्येने. घाईत त्याची आत घेणारी आणि बाहेर टाकणारी अशा दोन्ही अँटेना एकमेकींना खेटून बसवल्या. त्यामुळे त्याचंच बाहेर टाकलेलं पुन्हा त्याच्याच कानात जायचं, आणि तो सगळ्या पट्ट्यात किंचाळत राहायचा. अगदी नवशिक्याची चूक. ऑफिसात त्या जोडणीची नोंद माझ्या सहीची होती. तिने ती पाहिली होती, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

"मी अजून कोणाले सांगतलं नाही," ती म्हणाली. "तुम्हीच काढून घ्या. उंद्रीचे लोक लय दिवसांचे तरास काढून राह्यले."

मी गेलो. काढला. उंद्री त्याच मिनिटाला चालू झाली. तिथूनच मालकांना फोन केला आणि सांगितलं की बिघाड मी शोधला, कुणा दुकानदाराने कुठून तरी भंगार अँप्लिफायर आणून लावला होता. हे वाक्य बोलताना माझा आवाज जराही हलला नाही. पुढच्या सोमवारी मी प्रमुख झालो.

ती पूर्वीसारखीच रोज गच्च्यांवर चढत राहिली, आकडे लिहीत राहिली. मला वाटलं होतं, आता तरी पोटातलं दुखणं थांबेल. कसलं काय. तिने मालकांकडे जाऊन भांडावं, एकदा तरी मला खोटारडा म्हणावं, म्हणून मी वाट बघायचो. तिचं गप्प राहणंसुद्धा मला माझ्याहून सरस वाटायचं.

वर्षभरात तिला नागपूरला मोठी नोकरी लागली. निरोपाला चहा-समोसे झाले, मालक बोलले, आणि मग मला बोलायला सांगितलं. काय झालं कोण जाणे, तयार केलेलं भाषण मी सोडून दिलं. म्हणालो, उंद्रीचा बिघाड मी नाही, मोरे मॅडमनी शोधला. तो अँप्लिफायर मीच चुकीचा लावला होता. ही जागा तिची होती. एवढं बोलायला मला वर्ष लागलं, हेही बोललो.

मग मालकांनी येऊन माझ्या पाठीवर थाप मारली. "पाहा रे," ते पोरांना म्हणाले, "जाणाऱ्या माणसाचा मान ठेवासाठी सर सोताच्या अंगावर घेऊन राह्यले. असं मन पाहिजे." टाळ्या पडल्या. मी म्हणत राहिलो की अहो खरंच, खरं सांगतोय, तर टाळ्या आणखी वाढल्या. एका पोराने तर माझे पाय धरले.

मी तिच्याकडे पाहिलं. तूच सांग आता, असं डोळ्यांनी विनवलं असेल. ती हसू दाबत होती. राग नव्हता, कीव नव्हती, तिला मनापासून गंमत वाटत होती. तेवढ्यातही माझ्या मनात आलं, हिच्या जागी मी असतो तर मला असं हसता आलं नसतं.

बाहेर गाडीत सामान ठेवताना मी तिला गाठलं. म्हटलं, मॅडम, मी उद्या मालकांना लेखी देतो, माझ्या सहीच्या त्या नोंदीसकट, मग तरी मानतील.

तिने गाडीचं दार लावलं, काच खाली केली.

"राहू द्या सर," ती म्हणाली. "उंद्रीचं श्रेय आता तुमचंच झालं, खरं सांगतलं तरी."