आईच्या ताटावरचा उजेड

बॅटरीच्या आम्लाचा उग्र वास आला की मला उंद्रीचं आमचं घर आठवतं. तेव्हा गावात वीज यायला अजून अवकाश होता. वडिलांनी चिखलीच्या भंगारातून जुन्या लॉरीचा डायनॅमो आणला, सुताराकडून लाकडी पाती करून घेतली आणि घराच्या सपाट, मातीच्या धाब्यावर पवनचक्की उभी केली. दिवसभर घोंघावणाऱ्या वाऱ्यावर ओसरीतली बॅटरी भरली. रॉकेलच्या चिमणीच्या धुरानं आईचे डोळे चुरचुरायचे, म्हणून लॉरीचाच छोटा बल्ब त्यांनी तिच्या बिनखिडकीच्या स्वयंपाकघरात टांगला. संध्याकाळी आमची जेवणं आटोपल्यावर आई एकटी जेवायला बसली, तेव्हा वडिलांनी मोठ्या कौतुकानं तो लावला. झगझगीत उजेड थेट तिच्या ताटात पडला. ताटात भाकर आणि तेल-तिखट, एवढंच होतं. "तुह्या ताटात वरण काऊन नाही वं?" वडिलांनी विचारलं. "सरलं. रोजच सरते," आई म्हणाली आणि ताटावर पदर ओढत पुटपुटली, "तो दिवा ओसरीत न्या. मले चिमणी पुरते." वडिलांनी दिवा हलवला नाही. दुसऱ्या दिवसापासून आईचं ताट वाढून झाल्याशिवाय त्यांनी घास घेतला नाही. आता आई-वडील दोघंही नाहीत. मी मात्र आजही पंगत बसली की शेवटच्या ताटात आधी डोकावते.