सदतिसावं पातं

होरिबे शिगेमित्सुंनी अकरा वर्षांत पालक कापणाऱ्या यंत्रासाठी सदतीस पाती घडवली. जपानमधल्या हिदाच्या डोंगरात पालकाची जुडी मुळाच्या लाल बुडख्यासकट विकली जाते. पातं मातीखाली बोटभर चालायला हवं; जरा वर आलं की पानं सुटी होतात आणि सुट्या पानांना बाजारात कोणी हात लावत नाही.

आज सदतिसाव्या पात्याची, शेवटची चाचणी होती. त्यांच्या बायकोची, तोयोकोची, बोटं आता विळ्यावर मिटत नव्हती. यंत्र चाललं नाही तर ती प्लास्टिकच्या मांडवात पालक लावणं कायमचं सोडणार होती.

यंत्र चार हात गेलं, पातं वर उचललं गेलं आणि मागे पानांचा सडा पडला.

"माती दगड झालीय," ते ओरडले. "मी ओल्या वाफ्यात तपासलं होतं. पाणी का नाही दिलंस?"

"अहो, काढणीआधी सहा दिवस पाणी तोडायचं, हे मला तुमच्याच आईंनी शिकवलं. तुम्ही कारखान्यात होतात तेव्हा."

"एकच वाफा भिजव. मग चालेल बघ."

"चालेल की. आणि बाजारात पोचेपर्यंत ओला पालक पेटीतच सडेल." मग ती हळूच म्हणाली, "लोखंडाला सगळं विचारलंत. मलाही एकदा विचारायचं होतंत."

तोयोको खाली बसली. विळा तिने फडक्याने मनगटाला बांधून घेतला आणि पहिलं रोप कापलं. लाल बुडखा शाबूत होता. ते तिच्यासमोर बसून सुटी पानं वेचू लागले. वाफा अजून चाळीस हात उरला होता.