दादाचा डावा हात

वैनीचा फोन सकाळी साडेसहाला आला. "तुझा दादा उठंना गं माय…" एवढंच बोलली. मी पोचले तेव्हा दादा नेहमीसारखा उजव्या कुशीवर होता, डावा हात डोक्यावरून उशीपलीकडं टाकलेला. घरात रडारड चालू होती आणि माझी नजर त्या हातावर खिळली होती. आता महिना झालाय, म्हणून सांगून टाकते. तो हात तसा वर गेलेला बघून मला अशा वेळीही बरं वाटलं होतं. चार वर्षांपूर्वी तो खांद्याच्या वर जाईल असं आमच्यापैकी कुणालाच वाटत नव्हतं, दादाला तर नाहीच नाही.

माझा हा थोरला भाऊ ताडकळसला वायरमन होता. दिवस खांबावर आणि संध्याकाळ शाळेच्या मैदानावर, व्हॉलीबॉल खेळण्यात. रिटायर झाल्यावर खांब सुटले, व्हॉलीबॉल सुटला नाही. एकदा मैदानावरच चक्कर येऊन पडला. हृदयाचे ठोके फार मंद पडत होते. डाव्या खांद्याखाली पेसमेकर बसवला. घरी पाठवताना बजावलं, सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. दादानं ते इतकं मनावर घेतलं की सहा महिने हात हलवलाच नाही!

त्यामागं त्याचं स्वतःचं शास्त्र होतं. दस्ती, म्हणजे मोठा रुमाल, गळ्यात बांधून तिच्या झोळीत हात अडकवायचा, ओसरीत खुर्चीवर बसायचा आणि मला समजावायचा, "आत वायर हाय. ताण बसला की जॉइंट ढिला होतोय, जिंदगीभर हेच बघितलंय मी. खांबावर ढिला झाला तर चढून आवळता येतोय. हितं कोण चढणार हाय?" वैनी त्याच्या वरताण. पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू द्यायची नाही. मी शाळेत बाई होते, रागावून पाहिलं, लाडीगोडी लावून पाहिली. पण वायरमनला वायरीबद्दल काय शिकवणार? मैदानावरचे जोडीदार बोलवायला यायचे, तेही हळूहळू येईनासे झाले. दादाचं पोट सुटलं, बोलणं आटलं. मशीन नीट चालू होतं आणि माझा भाऊ मात्र बंद पडत चालला होता. मी लय घाबरले होते तेव्हा.

शेवटी तपासणीला मीच त्याला परभणीला घेऊन गेले. डॉक्टरबाईंनी दस्ती सोडायला लावली आणि हात उचलायला सांगितलं. तो छातीपर्यंतही येईना. "काका, वायर केव्हाच पक्की बसलीय. तुमचा खांदा तेवढा आखडलाय," त्या म्हणाल्या. दादा म्हणतो कसा, "टेस्टिंग करून बघितलंय का तुमी?" बाई हसल्या. सगळी तपासणी त्यांनी त्याच्यासमोर पुन्हा केली, पडद्यावरचे आकडे एकेक करून समजावले. रीडिंग बघितल्यावर गड्याचं समाधान झालं. परतताना बसमध्ये त्यानं दस्तीची घडी करून खिशात ठेवली.

मग भिंतीवर बोटं चालवत हात रोज थोडा थोडा वर न्यायचा, जास्त दुखलं की थांबायचं, असं सुरू झालं. सकाळी चालायचं, पण चालताना बोलता आलं पाहिजे. वाक्य मधेच तुटलं तर वेग कमी करायचा. चक्कर आलीच तर बसायचं आणि फोन करायचा. ऐकायला माझी नेमणूक झाली. पहिल्या दिवशी बुद्धविहारापर्यंतच्या वाटेत दादाची चार वाक्यं तुटली. पण रस्ता वाढत गेला तशी वाक्यंही लांबत गेली. माझी पाटी लहानपणी त्यानंच फोडली होती आणि मार शेजारच्या पोराला बसला होता, हे त्यानं तेव्हा, साठी उलटल्यावर, कबूल केलं.

मैदानावर जायला आणखी तीन महिने लागले. छातीवर बॉल बसता कामा नये, अशी डॉक्टरबाईंची अट. मंडळींनी तोडगा काढला, दादानं सर्व्हिस मारायची आणि लगेच बाहेर यायचं. पहिल्या दिवशी डाव्या हातानं बॉल वर उडवायची वेळ आली तेव्हा कडेला उभ्या वैनीनं डोळेच मिटले. बॉल वर गेला, सर्व्हिस मात्र नेटमध्ये. दादा मॅच जिंकल्यासारखा हसला. "डोळे मिटून काय उभारलीस? लाइट आली!" त्यानंतर तो शेवटच्या संध्याकाळपर्यंत खेळला.

तो गेल्यापासून वैनी ओसरीतून हलत नव्हती. भेटायला येणारे, बसा, आराम करा, एवढंच सांगून जायचे. परवा सकाळी मी तिच्या चपला तिच्यापुढं ठेवल्या. "चला वैनी, विहारापर्यंत." कुरकुरतच उठली. वाटेला लागल्यावर मात्र दादाच्या तक्रारी सुरू झाल्या… चहात साखर कमी टाकली की लगेच ओळखायचा, ओली बनियन खुर्चीवरच टाकायचा, घोरायचा तर असा… एका दमात सांगत होती. तिची चाल बघून मी चालत होते. मधेच तिचं वाक्य तुटलं. मी थांबले.

"दम लागला का, वैनी? हळू चालू."

"दम न्हाई लागला गं," पदरानं डोळे पुसत ती म्हणाली. "रडू आलं. चाल तू."