घरी न्यायच्या गोळ्या

भोरमध्ये खाली माझा दवाखाना आहे आणि वर राहायच्या दोन खोल्या. नवरा गेल्यापासून वर बोलायला कुणी नाही. खाली दिवसभर बोलणं होतं, पण ते पाळीचं, पोटदुखीचं, टाक्यांचं.

कितीतरी वर्षं माझा एक रिवाज होता. गर्भाची पिशवी काढली की पाच दिवस शिरेतून अँटिबायोटिक आणि घरी जाताना सात दिवसांच्या कॅप्सूल. जंतुसंसर्ग झालेला नसे. होऊ नये म्हणून हे सगळं. कापण्याआधीचं एक इंजेक्शन पुरतं, हे मी वाचलेलं होतं. वाचून बाजूला ठेवलं होतं, कारण माझ्या सरांनी तसं शिकवलं नव्हतं आणि मी भित्री.

वेल्ह्याच्या वरच्या अंगाला डोंगरात मेंढरं-शेळ्या पाळणाऱ्यांची वस्ती आहे. तिथल्या एका मावशीची पिशवी मी काढली होती. तेव्हापासून भोरला आली की ती वर यायची, फरशीवर ऐसपैस बसायची आणि मेंढरांची गाऱ्हाणी सांगायची. काही दुखत नसताना माझ्याकडे येणारी ती एकटीच. एकदा तिच्या आग्रहाखातर मी वस्तीवर गेले. तिनं कौतुकानं एक डबा उघडून दाखवला. आत कॅप्सूल होत्या, सगळ्या माझ्याच. वस्तीवरच्या ज्या बायकांची ऑपरेशनं मी केली होती, त्यांनी टाके दुखायचे थांबल्यावर उरलेल्या गोळ्या तिच्याकडे आणून दिल्या होत्या.

"शेळी व्याली का म्या एक फोडून पान्यातनं पाजती," ती म्हणाली. "पोरांस्नी बी देती. लई गुन हाय तुमच्या गोळीला."

वस्तीवरचे सगळे हसले, मीही हसले. परतताना वाटेतलं विंझर गाव मागे पडेपर्यंत मला स्वतःचा राग येत होता. ती बिचारी राखून वापरत होती. उगाच गोळ्या वाटत सुटले होते आणि जंतूंना त्या औषधाची सवय लावत होते ती मी.

मी तो रिवाज बंद केला. कापण्याआधी एक इंजेक्शन, बस्स. सहा महिन्यांनी मावशी तिच्या सुनेला घेऊन आली. पिशवीत गाठ होती. ऑपरेशन नीट झालं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सुनेला ताप चढला.

माझी जुनी सिस्टर अँटिबायोटिकचं इंजेक्शन हातात घेऊनच उभी होती. भूल देणारे डॉक्टर फोनवर म्हणाले, "मॅडम, कशाला हट्ट? उद्या काही झालं तर?" मी टाके पाहिले, छाती तपासली, लघवी तपासायला पाठवली. कुठं काही सापडलं नाही. असा ताप पहिल्या दोन दिवसांत येतो आणि जातो, हे मला माहीत होतं. पण चुकले असते तर मावशीच्या सुनेच्या जिवावर बेतलं असतं. मी सिस्टरला नाही म्हटलं आणि खुर्ची ओढून खाटेपाशी बसले. पुढच्या दिवशी संध्याकाळी ताप उतरला. मला इतका आनंद झाला की कुणाला तरी सांगावंसं वाटलं, आणि सांगायला कुणी नव्हतं.

घरी सोडायच्या दिवशी मावशीनं कागद उलटसुलट करून पाहिला. "गोळ्या?"

"दुखण्याच्या आहेत. बाकीच्यांची गरज नाही, मावशी."

"मला दिल्या व्हत्या की."

"तेव्हा माझं चुकलं."

तिनं कागदाची घडी घातली. मग हळूच म्हणाली, "बाई, आमी मेंढरांमागची मानसं, म्हून हात आखडता घ्येतला व्हय?"

मी समजावलं, पुन्हा समजावलं. ती "व्हय, व्हय" म्हणत आपलं बोचकं आवरत होती. तिला पटलं नव्हतं. आवाज न चढवता ती सुनेला धरून पायऱ्या उतरली.

कापूरहोळला पुढच्या एसटीची वाट बघताना तिनं कुठल्याशा दुकानातून कॅप्सूल घेतल्या, असं नंतर सिस्टरच्या कानावर आलं. सून ठणठणीत आहे. त्या गोळ्यांनीच ती वाचली, असं मावशी वस्तीवर सांगते. बायका आता दुसरीकडे जातात. त्याचं मला फारसं काही नाही, पेशंट येतात-जातात. पण मावशी भोरच्या बाजाराला अजून येते म्हणे, आणि माझ्या दारावरून तशीच पुढे जाते. तिचं माझ्यावाचून काही अडलं नाही. माझं अडलंय.