भुलीतलं बोलणं

भूल उतरताना माणूस जे बोलतो त्याला तो जबाबदार नसतो, असं डॉक्टर सांगतात. आमच्या घरात हे कुणाला पटेल तर शपथ.

काखेतलं गळू फाडायला बजाजनगरच्या एका छोट्या दवाखान्यात मला पहिल्यांदा भूल दिली. औषध केटामीन. शुद्धीवर येताना भिंती वितळत होत्या, छताला डोळे फुटले होते, मी भेदरून गेले होते आणि नवरा मोबाइलवर माझं शूटिंग करत होता. त्यात मी म्हणतेय, "आज भाकरी टाकणार नाय मी. ज्याला खायची त्यानं थापावी." व्हिडिओ घरच्या ग्रुपवर गेला. बिडकीनपर्यंत सगळं सासर हसलं. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. "पोटातलं आलं ओठावर, व्हय ना?" म्हणाल्या, आणि मग उठताबसता तेच ऐकवत राहिल्या. मी किती घाबरले होते, हे त्या व्हिडिओत स्वच्छ दिसतं. ते एकालाही दिसलं नाही. त्याचा राग मला अजून येतो.

वर्षभरात गळू पुन्हा त्याच जागी आलं. मी दुखणं अंगावर काढत राहिले. भीती चिरण्याची नव्हती, त्या भुलीची होती. ताप चढला तेव्हा औरंगपुऱ्यातल्या दवाखान्यात गेलो. तिथं भूल देणाऱ्या डॉक्टर बाई होत्या. मी विचारलं, "मागच्या वेळचं केटामीनच देणार का?" त्यांनी उत्तर द्यायला तोंड नवऱ्याकडे वळवलं. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मॅडम, सुई मला टोचणार आहे. मला सांगा."

त्या ओशाळल्या, स्टूल ओढून बसल्या आणि मला समजावून सांगितलं. केटामीननं श्वास सहसा टिकून राहतो, म्हणून लहान दवाखान्यात ते सोयीचं. पण उतरताना काहींना भास होतात. प्रोपोफॉल या दुसऱ्या औषधानं माणूस लवकर आणि साफ जागा होतो. मात्र श्वासावर सतत डोळा ठेवावा लागतो. "तो मी ठेवीन," त्या म्हणाल्या. एवढं साधं होतं, तर पहिल्या वेळी मला कुणी विचारलं का नाही?

जाग आली तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. छत, सलाइन, आणि माझ्यावर रोखलेला नवऱ्याचा मोबाइल.

"बोल की काहीतरी," तो म्हणाला. "आई वाट बघतीय."

भूल पुरती उतरलीय ना, हे मी आधी मॅडमना विचारून घेतलं. त्या हो म्हणाल्या. मग मोबाइलकडे बघून सावकाश सांगितलं, "जखम भरेस्तोवर मी स्वयंपाकघरात पाय ठेवणार नाय. हे शुद्धीत बोलतेय."

तो व्हिडिओ कुठल्याच ग्रुपवर गेला नाही.