आईच्या ओव्यांची टेप

घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तेवढ्यावर लिहायला बसलो, याची क्षमा असावी. काल अकोल्याच्या एका दुकानात तापलेल्या रेडिओचा धुरकट वास आला आणि आमच्या वलगावची ती संध्याकाळ आठवली.

आम्ही बौद्ध झाल्यावर आईने जात्यावरच्या ओव्यांतले जुने देव काढून बुद्धाचं नाव गुंफलं होतं. रेडिओवाल्यांनी गावात येऊन त्या टेपवर घेतल्या. त्या लागणार त्या संध्याकाळी सारी वस्ती ग्रामपंचायतीच्या रेडिओपुढे जमली. आई नवं लुगडं नेसून सगळ्यांच्या मागे बसली होती. निवेदकाने सांगितलं, आजपासून खेड्यांचा कार्यक्रम बंद. आता रोज या वेळी शहरातल्या श्रोत्यांसाठी सिनेमाची गाणी लागतील.

"काहून वं, तुहा आवाज कुठी अडकला?" शेजारची मावशी हसली.

"येईन तो उद्या. त्याइनं कबूल केलं हाय मले," आई म्हणाली.

पुढे कितीतरी दिवस ती तिथे जाऊन बसत असे.

आता आई नाही. तिचा फोटोही नाही. म्हणून मी एका ओळखीच्याला रेडिओ केंद्रावर त्या टेपची चौकशी करायला सांगितलं होतं. आज त्याचा निरोप आला. नव्या कार्यक्रमासाठी ती टेप तेव्हाच पुसली होती, आई रोज वाट पाहत होती त्याच दिवसांत.